कूलर काढायचा आहे : बारा-बारा मिनिटांच्या नोंदी

रविवार, ११ फेब्रुवारी २०२४

काम: घरचा पत्र्याचा कूलर दुरुस्त करून, रंगवून उन्हाळ्याआधी खिडकीला लावणे. कूलर २००६ सालचा. १८ इंची पंखा, तीन बाजूंना गवताच्या ताट्या, खाली लोखंडी स्टँड.

मी वायरमनचा ट्रेड केलेला माणूस. आजवर या कूलरला मेकॅनिकचा हात लागू दिला नाही. होळीच्या आधीचा एक रविवार धरायचो. सकाळी सातला सुरुवात, दिवेलागणीला पाणी भरून पंखा चालू. पुढच्या रविवारी नागपुरातच, महाल भागात, ताईकडचा कूलर.

मागच्या वर्षीही तसंच केलं आणि अकरा दिवस अंथरुणात होतो. भिंत धरत बाथरूमपर्यंत जायचो. मुलीची बारावीची परीक्षा चालू होती. तिला सेंटरवर सोडायला शेजारच्या काकाजींना विनंती करावी लागली. ती रोज निघताना दारातून माझ्याकडे एकदा बघायची, ते मला अजून दिसतं. म्हणून या वर्षी वही.

कंबरदुखीचं हे सहावं वर्ष. दुखणं तीन महिन्यांपुढे टिकलं की डॉक्टर त्याला दीर्घकालीन वेदना म्हणतात. फिजिओथेरपीच्या मॅडम म्हणाल्या, "कूलर करू नका असं मी म्हणणार नाही. पण घड्याळ लावून करा. आणि जितकं काम लिहाल, तितकाच आराम पण लिहा, त्याच वहीत." वहीत दोन रकाने आखले: काम आणि थांबा.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

कूलरला अजून हात लावलेला नाही. मॅडमनी आधी माप काढायला सांगितलं होतं. वाकून काही काम करायचं (मी अंगणातली जुनी लाकडं रचली) आणि दुखणं वाढायला लागलं की वेळ लिहायची. पाच दिवसांचे आकडे: २२, १४, ९, १८, १२ मिनिटं. सरासरी १५. त्यातून पाचवा हिस्सा कमी करायचा. उरले १२.

म्हणजे वाकण्याची माझी एक खेप बारा मिनिटांची. दुखत असो की नसो, बाराव्या मिनिटाला थांबायचं. दुखल्यावर थांबणं मी सहा वर्षं केलं आहे. न दुखता थांबणं मला येत नाही, ते शिकायचं आहे.

रविवार, १८ फेब्रुवारी

कूलर जिन्याखालून बाहेर काढला. म्हणजे भाच्यानं काढला. फोन करायला मला दोन दिवस लागले. एवढ्याशा कामासाठी पोराला महालातून बोलवायचं, हे जिभेवर येत नव्हतं. तो आला, एक मित्र घेऊन आला, पाच मिनिटांत कूलर अंगणात. मी सवयीनं एका कोपऱ्याला हात घालायला गेलो तर म्हणाला, "मामा, तुम्ही बाजूला व्हा ना. मी उचलून राहिलो न."

काम: ०. थांबा: लिहायचा का ते कळलं नाही. उभं राहून बघणं म्हणजे आराम नव्हता, आणि काम तर नव्हतंच.

रविवार, २५ फेब्रुवारी

काम: १२ + १२. थांबा: २० + २०.

जुन्या ताट्या काढल्या. गवत क्षारानं दगडासारखं झालं होतं. बोअरचं पाणी वापरलं की असं होणारच. जाळ्या वाकल्या नव्हत्या हे नशीब.

आज लिहिण्यासारखं आहे ते थांब्याबद्दल. पहिल्या वीस मिनिटांत मी खुर्ची टाकून कूलरसमोरच बसलो. डोळे गंजावर, डोक्यात रेड ऑक्साइड किती लागेल याचा हिशेब. दात आवळलेले होते आणि खांदे वर चढलेले, हे उठताना लक्षात आलं. शरीरानं काम सोडलेलंच नव्हतं. दुसऱ्या वेळेस आतल्या खोलीत गेलो, दार लोटलं. मॅडमनी दाखवलेली पद्धत अशी: पाठीवर झोपायचं, पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर ठेवायच्या, म्हणजे गुडघे आणि कंबर काटकोनात येतात. श्वास सोडताना आत घेण्यापेक्षा जास्त वेळ घ्यायचा. पहिली आठ मिनिटं मी घड्याळच बघत होतो. मग बाहेर भाजीवाल्याची हाक ऐकू आली आणि ती हाक पूर्ण, गल्लीच्या टोकापर्यंत जाईस्तोवर ऐकली. तेव्हा काहीतरी सुटलं. कंबरेतलं नाही, त्याच्या वरचं, छातीच्या आसपासचं.

तासाभरात चोवीस मिनिटांचं काम झालं. हात शिवशिवत होते.

रविवार, ३ मार्च

काम: १२ + १२. तारेच्या ब्रशनं टाकीचा गंज. थांबा: २० + २०.

काकाजी कुंपणावरून म्हणाले, "पट्टा बांधा ना जी. आणि महिनाभर पडून राहा, काही करू नका." ते माझ्या काळजीनंच म्हणतात. मागच्या वर्षी माझ्या मुलीला स्कूटरवर त्यांनीच नेलं. त्यामुळे वाद घातला नाही. पण वहीत लिहून ठेवतो, कारण हे दोन्ही सल्ले मी दोन-दोन वर्षं पाळले आहेत.

पट्टा: जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये दीर्घकालीन कंबरदुखीवर पहिल्यांदाच मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात कंबरपट्टे आणि ट्रॅक्शन (वजन लावून कंबर ताणणं) नेहमीच्या उपचारात वापरू नयेत असं म्हटलं आहे. व्यायाम, दुखण्याची नीट माहिती आणि मनाच्या पातळीवरची मदत यांची शिफारस आहे. मुलीनं मोबाईलवर वाचून दाखवलं. माझा पट्टा कपाटात आहे. तो काढला की कंबर मोडेल अशी भीती मला पट्ट्यानंच लावली होती.

पडून राहणं: १९९५ साली फिनलंडमध्ये हेलसिंकी शहराच्या कर्मचाऱ्यांवर एक अभ्यास झाला. कंबर नव्यानं धरलेल्यांपैकी काहींना दोन दिवस अंथरुणात ठेवलं, काहींना जमेल तसं रोजचं चालू ठेवायला सांगितलं. रोजचं चालू ठेवणारे लवकर बरे झाले. ती नव्या दुखण्याची गोष्ट, माझं जुनं. पण त्या अकरा दिवसांत काय झालं ते मला माहीत आहे. बाराव्या दिवशी उठलो तेव्हा मांड्यांत जोर नव्हता.

मग मी वीस मिनिटं पाठीवर पडतो त्याला काय म्हणायचं? मॅडमचं उत्तर: अंथरूण धरतो तो माणूस केव्हा उठणार हे त्याला ठाऊक नसतं. तुम्हाला ठाऊक आहे.

रविवार, १० मार्च

आज सकाळी उठलो तेव्हा दुखणं दहापैकी दोन. दोन! कित्येक महिन्यांत असा दिवस नव्हता. ऊन कोवळं, प्रायमरचा डबा उघडलेला. पहिला गजर झाला तेव्हा एक बाजू अर्धी रंगली होती. अर्धवट सोडली तर जोड दिसेल म्हणून बाजू पुरी केली. मग दुसरी घेतली. गजर पुन्हा लावलाच नाही.

काम: ७०. थांबा: ०.

संध्याकाळपर्यंत फार छान वाटत होतं. हिला म्हटलं, बघ, काही झालं नाही.

सोमवार, ११ मार्च

८.

मंगळवार, १२ मार्च

८. मोजे मुलीनं घातले.

बुधवार, १३ मार्च

७. कामावर सुट्टी, तिसरा दिवस.

शुक्रवार, १५ मार्च

आज बसून लिहिता येतंय.

मी घात दुखण्याच्या दिवशी करत नाही, बऱ्या दिवशी करतो. सहा वर्षांचे मोठे झटके आठवून काढले. मागचा कूलर, त्याआधी भाच्याच्या साखरपुड्याच्या मांडवाची लायटिंग, त्याआधी गणपतीत पाण्याच्या टाकीची सफाई. प्रत्येकाच्या आदल्या सकाळी मला बरं वाटत होतं. बरं वाटलं की मागची थकबाकी एका दिवसात फेडायला धावायचं, मग चार दिवस पडायचं, पडल्याची लाज वाटायची, आणि लाज घेऊन पुन्हा धावायचं. हे चक्र घरातल्या सगळ्यांना दिसत होतं.

हिला विचारलं, रविवारी मला थांबवलं का नाही? म्हणाली, "अहो, तुम्ही शीळ घालून राहिले होते. किती दिवसांनी ऐकली. कशी थांबवणार?"

यावर मला काही लिहिता येत नाही.

रविवार, १७ मार्च

काम: ८. फक्त एकच खेप. थांबा: २०.

बारावरून आठवर आलो. मॅडम म्हणाल्या, पडल्यावर खालची पायरी धरायची, मग दर आठवड्याला एखादं मिनिट. त्यांना मी विचारलंच: रविवारी आत काही फाटलं का? माझ्या एमआरआयमध्ये दोन जागी मणक्यांमधली चकती बाहेर आलेली आहे. तो कागद पहिल्यांदा हातात आला तेव्हा एका डॉक्टरांनी "ऑपरेशनशिवाय इलाज नाही" म्हटलं होतं, आणि तेव्हापासून मी वाकताना मनात त्या चकत्या बघतो.

त्यांनी सांगितलेली माहिती उतरवून ठेवतो. काहीही दुखत नसलेल्या ३,११० लोकांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ मध्ये एक आढावा आला. पन्नाशीतल्या, कंबर अजिबात न दुखणाऱ्या माणसांमध्येही साधारण ६० टक्क्यांच्या चकत्या बाहेर आलेल्या दिसतात. केस पिकावेत तसं ते वयाबरोबर होतं. पायात जोर कमी होणं, बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, असं काही असेल तर ताबडतोब धावायचं. तसं माझ्यात काही नाही, हे त्यांनी आजही तपासून बघितलं.

घरी येताना गल्लीतल्या प्रत्येक माझ्या वयाच्या माणसाकडे मी त्या नजरेनं बघत आलो. यातल्या निम्म्याहून जास्त लोकांकडे माझ्यासारखाच कागद निघेल.

रविवार, २४ मार्च

होळी. वस्तीतले सगळे कूलर खिडक्यांना लागले. आमचा अंगणात, दोन बाजू प्रायमर, एक बाजू गंज. येणारा-जाणारा विचारतो, "काहून जी, यंदा कूलर नाही निघाला का?" पहिल्या दोघांना पार्ट मिळत नाही म्हणून सांगितलं. तिसऱ्याला खरं सांगितलं: "कंबरेचं दुखणं आहे, थोडं थोडं करून राहिलो." तो म्हणाला, त्याच्या बायकोला मानेचं आहे, आणि दहा मिनिटं उभा राहून बोलला.

काम: ९. थांबा: २०.

रविवार, ३१ मार्च

नवं गवत आणि पाण्याची मोटर आणायला गेलो. स्कूटर नेली नाही. सुभाष नगरहून मेट्रो धरली, चितार ओळीला उतरलो. बसायला जागा मिळाली, तरी सीताबर्डीला उठून उभा राहिलो, दोन स्टेशनं उभा, मग परत बसलो. शेजारच्या बाईंना वाटलं मी कुणासाठी जागा सोडली.

वाळ्याच्या ताट्या बघितल्या. वास घेतला की आजोळची दुपार आठवते. पण भाव बघून वुडवूलच घेतलं, म्हणजे लाकडाचा बारीक कीस, आमच्याकडे त्याला गवतच म्हणतात.

तिथून ताईकडे. जायची धास्ती होती, कारण तिच्या कूलरचं सांगायचं होतं. भाऊजी गेल्यापासून तो कूलर मी करतो. दर वर्षी ती त्या दिवशी वडा-भात करते, मोहरीच्या तेलाची फोडणी घालून, आणि मी जेवून तिथेच अर्धा तास लवंडतो. या वर्षी जमणार नाही हे सांगताना माझा आवाज जरा गेला.

ताई म्हणाली, "मेकॅनिक मागच्या आठवड्यातच येऊन गेला. तुला सांगितलं नाही, तुला वाईट वाटेल म्हणून." मग जरा वेळानं, "तू कूलरसाठी येत होता का? मला वाटायचं, माझ्यासाठी येतो."

जेवायला वडा-भातच होता. जेवून लवंडलो, अर्ध्याच्या जागी पाऊण तास. वहीत लिहितो. काम: ०. थांबा: ४५.

मंगळवार, ९ एप्रिल

पाडवा. गुढी मुलीनं उभारली, मी खालून दोरी धरली. संध्याकाळी टाकीच्या तळाला डांबराचा हात. काम: १०. थांबा: २०. दुखणं ४.

शुक्रवार, १९ एप्रिल

मतदान. केंद्रावर रांग मोठी, पंडाल होता तरी गरम वारा. उभं राहणं माझं सगळ्यात कच्चं, दहा मिनिटांत कंबर भरून येते. मागच्या निवडणुकीत दात खाऊन उभा राहिलो होतो आणि घरी येऊन आडवा झालो होतो. या वेळी पुढच्या माणसाला म्हटलं, "माझा नंबर धरा, मी बसतो." कर्मचारी मुलीकडे खुर्ची मागितली. तिनं लगेच दिली. बाहेरून मी धडधाकट दिसतो, काठी नाही, प्लास्टर नाही. खुर्ची मागताना कानशिलं तापली होती. बसल्यावर दोन मिनिटांत एक म्हातारे गृहस्थ आले आणि त्यांनीही खुर्ची मागितली. ते बराच वेळ उभे होते.

रविवार, २१ एप्रिल

आजचं काम माझ्या हातचं आणि आवडीचं: वायरिंग.

ते टेबलावर बसून करायचं होतं म्हणून वेगळं माप काढलं. बसण्याची माझी खेप २५ मिनिटांची निघाली. उभं राहण्याची ८, वाकण्याची आता ११, चालण्याची ३०. इतकी वर्षं मी "मला जमत नाही" असं एकच वाक्य बोलत होतो. चार वेगवेगळे आकडे आहेत.

पंख्याच्या बुशला तेल दिलं, कपॅसिटर बदलला, पाण्याच्या नळीची भोकं सुईनं मोकळी केली. अर्थिंगवर सगळ्यात जास्त वेळ घालवला. पत्र्याचा कूलर, पाणी, ओली फरशी आणि अनवाणी माणूस, यात अर्थिंग तुटकं असेल तर जीव जातो, आणि आपल्याकडे दर उन्हाळ्यात जातो. टेस्ट लॅम्प लावून दोनदा बघितलं. प्लग काढल्याशिवाय कूलरला हात लावायचा नाही, पाणी भरतानाही नाही, हे मुलीला पुन्हा सांगितलं.

काम: २५ + २५. थांबा: १५ + २०.

रविवार, २८ एप्रिल

भाचा आला, कूलर स्टँडवर चढवला. ताट्या बसवल्या, पाणी भरलं. साडेअकराला मोटर सुरू केली. तिन्ही ताट्या सारख्या भिजेपर्यंत थांबलो, मग पंखा. पहिला झोत ओल्या लाकडाच्या वासाचा आला. मुलगी समोर जाऊन उभी राहिली.

बेरीज केली. मधल्या दिवसांच्या नोंदी धरून काम: ५८० मिनिटं, म्हणजे ९ तास ४० मिनिटं. पूर्वी एका रविवारी साधारण इतकाच वेळ लागायचा. या वेळी त्याला अकरा आठवडे लागले. अंथरुणात गेलेले दिवस: तीन, तेही १० मार्चमुळे.

रविवार, १२ मे

रात्री ही म्हणाली, "मला वही दाखवा." सगळी वाचली. मग विचारलं, "तुमच्या थांब्यात माझं काय काय झालं, ते लिहिलं का?"

नव्हतं लिहिलं. मी पाठीवर असायचो तेव्हा डबे तिनं भरले, गॅसचं सिलिंडर तिनं सरकवलं, ११ ते १३ मार्च सगळंच तिनं केलं. तिचे गुडघे दोन वर्षांपासून दुखतात. तिला कुणी घड्याळ लावून दिलं नाही, मीही नाही.

वहीत तिसरा रकाना आखला, तिच्या नावाचा. संध्याकाळची भांडी माझ्याकडे, उंच स्टुलावर बसून, दोन खेपांत. कणीकही मी मळतो, ती बसून मळता येते. पहिल्या दिवशी ती बाहेरच्या खोलीत बसली आणि चार वेळा स्वयंपाकघरात डोकावून गेली. थांबणं तिलाही येत नाही.

शनिवार, २५ मे

आजपासून नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यात तापणारे म्हणतात ते नऊ दिवस. सूर्य रोहिणीत.

दुपारी साडेबाराला गल्ली रिकामी. भाजीवाला दहालाच येऊन गेला. बांधकामावरची माणसं पहाटे येतात आणि दुपारी सावलीत पडून असतात. काकाजींनी खिडक्यांना ओली चादर लावली. हे शहर या दिवसांत दुपारी काम बंद ठेवतं, त्यासाठी कुणाची माफी मागत नाही, आणि भोवळ येईपर्यंत वाट बघत नाही. ऊन चढायच्या आधी आत जायचं, हे मी या गावात जन्मल्यापासून करतो. कंबरेच्या बाबतीत ते मला चोपन्नाव्या वर्षी शिकावं लागलं.

थांबा: ४० मी, ३० ती. दोघंही कूलरसमोर.

शुक्रवार, ३१ मे

काल शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश दाखवले. सगळ्यांच्या मोबाईलवर तेच. हवामान विभागानं सांगितलं की सेन्सरमध्ये बिघाड होता. दुसऱ्या केंद्रांवर ४४ च्या आसपास होतं.

ही गोष्ट मी मॅडमना सांगितली, कारण त्या महिनोन्महिने मला जे समजावत होत्या ते मला इथे कळलं. १९८३ मध्ये क्लिफर्ड वुल्फ यांनी प्रयोगांतून दाखवलं की इजेनंतर मज्जारज्जूतल्या चेतापेशीच जास्त संवेदनशील होऊ शकतात, आणि मग साधा ताणही मोठा होऊन पोचतो. ऊन खोटं नव्हतं. ४४ अंशांत माणूस भाजतोच. पण आकडा ५६ चा नव्हता. माझं दुखणंही खरं आहे. फक्त मधला सेन्सर तापलेला आहे, आणि त्याला निवायला वेळ द्यावा लागतो, रोज, दुखण्याआधी.

आज दुखणं ३. वाकण्याची खेप १३.

रविवार, २ जून

नवतप्याचा शेवटचा दिवस. टाकीत आठ दिवसांचं पाणी आहे, डेंग्यूचा डास अशाच पाण्यात वाढतो. प्लग काढून टाकी रिकामी केली, तळ घासला. तेराव्या मिनिटाला गजर झाला तेव्हा एक कोपरा राहिला होता.

कोपरा तसाच ठेवून आत आलो. ती आधीच आडवी झाली होती, पाय खुर्चीवर. दुसरी खुर्ची ओढून घेतली.

काम: १३. थांबा: चालू आहे.